पहिला अल्बम आणि प्रथमत्व : रॉक व पॉप संगीतातील श्रेष्ठ पदार्पणाच्या वादाची चिकित्सा

प्रास्ताविक

रॉक आणि पॉप संगीताच्या समीक्षेत काही वाद सतत चालू राहतात. कोणत्या कलावंताचा पहिला अल्बम सर्वश्रेष्ठ, हा त्यांपैकी एक होय. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकाने २०१३ मध्ये शंभर श्रेष्ठ पहिल्या अल्बमांची यादी प्रसिद्ध केली आणि अग्रस्थानी 'बीस्टी बॉइज' यांच्या 'लायसन्स्ड टू इल' (१९८६) या अल्बमला बसविले. बिलबोर्डच्या अल्बमसूचीत प्रथम क्रमांक मिळविणारा हा पहिला रॅप अल्बम. त्यामुळे त्याचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ही मंडळी त्याआधी न्यूयॉर्कमध्ये पंक संगीत वाजवीत होती आणि १९८२ मध्ये त्यांची एक लहान ध्वनिमुद्रिकाही निघाली होती. म्हणजे ज्याला पदार्पण म्हणून गौरविले गेले, ते वस्तुतः एका संगीतप्रकारातून दुसऱ्या प्रकारात झालेले स्थलांतर होते.

या वादात भाग घेणारे बहुतेक जण 'श्रेष्ठ' या शब्दावर भांडतात. 'पहिला' या शब्दाकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. तो शब्द सर्वांनी गृहीत धरलेला असतो. प्रस्तुत लेखात त्या गृहीताचीच तपासणी करावयाची आहे. पदार्पणाचे मोठेपण कलावंताच्या चरित्रात शोधले जाते. ते संगीताच्या रूपबंधात शोधावयास हवे, अशी या लेखाची भूमिका आहे. या भूमिकेतून श्रेष्ठत्वाचा निवाडा तर बदलतोच, शिवाय 'पहिला अल्बम' हा निकष कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हेही स्पष्ट होते.

१. 'पहिला' म्हणजे कोणता?

वरकरणी हा प्रश्न निरर्थक वाटेल. परंतु ध्वनिमुद्रण हा उद्योग आहे, आणि त्यातील संहिता कंपन्यांच्या व देशांच्या सीमांप्रमाणे बदलत आलेली आहे. बीटल्सचा ब्रिटनमधील पहिला अल्बम 'प्लीज प्लीज मी' मार्च १९६३ मध्ये आला. अमेरिकेत मात्र त्यांचा पहिला अल्बम जानेवारी १९६४ मध्ये वेगळ्या नावाने, वेगळ्या कंपनीकडून निघाला. जिमी हेंड्रिक्स यांच्या 'आर यू एक्सपीरियन्स्ड' (१९६७) या अल्बमच्या ब्रिटिश आवृत्तीत त्यांची गाजलेली एकेरी गाणी नव्हती. अमेरिकन आवृत्तीत ती घालण्यात आली. 'द क्लॅश' यांचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये १९७७ साली आला, तर अमेरिकेत दोन वर्षांनी, गाण्यांची अदलाबदल करून. दोन देशांतील समीक्षक एकाच नावाच्या अल्बमविषयी बोलतात तेव्हा ते एकच कलाकृती ऐकत असतात असे खात्रीने म्हणता येत नाही.

'क्वीन' या बँडचे उदाहरण याहून बोलके आहे. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या निवासी शाळेत शिकलेले फारुख बलसारा, यांच्या या बँडचा पहिला अल्बम १९७३ मध्ये निघाला. लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत इतर ग्राहकांचे काम नसेल त्या मोकळ्या वेळात त्याचे ध्वनिमुद्रण झाले होते, आणि त्यातील ध्वनीविषयी, विशेषतः ड्रमच्या नादाविषयी, बँडचे सदस्य असमाधानी होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी तो नव्याने मिश्रण करून 'क्वीन वन' या नावाने प्रसिद्ध केला आणि पूर्वी गाळलेले एक गाणेही त्यात परत आणले. एक्कावन्न वर्षांनी दुरुस्त केलेले पदार्पण हे पदार्पण राहते काय? आपला आरंभ जसा झाला तसा नव्हे, जसा व्हावयास हवा होता तसा ऐकविण्याची ही इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु त्यातून एक गोष्ट सिद्ध होते : पहिला अल्बम ही निसर्गदत्त वस्तू नाही. स्टुडिओचे भाडे, कंपनीचे निर्णय आणि उपलब्ध वेळ यांनी तो घडविलेला असतो.

२. संचिताचे पदार्पण

पहिल्या अल्बमांची स्तुती करताना समीक्षक 'स्फोट', 'उदय', 'जन्म' अशा शब्दांचा आश्रय घेतात. प्रत्यक्षात ज्या अल्बमांना हे शब्द लावले जातात, त्यांतील कित्येक अल्बम म्हणजे एका प्रदीर्घ कालखंडाचा शेवट असतो. 'प्लीज प्लीज मी' मधील चौदा गाण्यांपैकी दहा ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी लंडनमधील ईएमआयच्या ॲबी रोड येथील स्टुडिओत मुद्रित झाली. ही घटना चमत्कार म्हणून सांगितली जाते. परंतु हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र आणि लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये नित्यनेमाने वाजविणाऱ्या बँडला त्या दिवशी नवे काही शोधावयाचे नव्हते. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी आधी कॅव्हर्नमध्येच प्रत्यक्ष कार्यक्रम मुद्रित करण्याचा विचार केला होता, यावरून त्यांना काय टिपावयाचे होते ते कळते. चौदापैकी सहा गाणी इतरांची होती, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. तीन वर्षांच्या मेहनतीचा तो एका दिवसात घेतलेला ताळेबंद होता.

'द बँड' यांचा 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' (१९६८) हा याच जातीचा. ही मंडळी अनेक वर्षे रॉनी हॉकिन्स यांच्या मागे आणि पुढे १९६५-६६ मध्ये बॉब डिलन यांच्या मागे वाजवीत होती. 'लेड झेपेलिन' (१९६९) या अल्बमपूर्वी जिमी पेज हे लंडनमधील अत्यंत व्यग्र स्टुडिओवादकांपैकी एक होते आणि 'यार्डबर्ड्स' मध्येही त्यांनी काम केले होते. लॉरिन हिल यांचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' (१९९८) हा स्वतंत्र गायिका म्हणून पहिला; परंतु 'फ्यूजीज' या गटातून त्या त्याआधीच जगभर पोहोचल्या होत्या. या अल्बमला मिळालेले वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक हे हिप-हॉपशी नाते सांगणाऱ्या अल्बमला मिळालेले पहिलेच होते.

हे सर्व अल्बम उत्तम आहेत, याविषयी प्रस्तुत लेखकाचा मतभेद नाही. प्रश्न एवढाच, की त्यांचे गुण हे पहिलेपणाचे गुण आहेत काय? सफाई, आत्मविश्वास, परस्परांच्या वादनाची अचूक जाण हे त्यांचे विशेष आहेत, आणि हे विशेष अनुभवातून येतात. म्हणजे आपण त्यांना 'पहिले' म्हणून गौरवितो ते ते पहिल्यासारखे वाटत नाहीत म्हणून. याला संचिताचे पदार्पण म्हणावे. त्याची थोरवी मान्य करूनही त्याला पदार्पणाचा आदर्श मानणे तर्कास धरून होत नाही.

३. दुबळा आरंभ आणि थोर कलावंत

याच्या उलट बाजूस, ज्यांचे पहिले पाऊल दुबळे पडले अशा थोर कलावंतांची उदाहरणे आहेत. बॉब डिलन यांच्या १९६२ च्या पहिल्या अल्बममध्ये तेरा गाणी होती. त्यांतील केवळ दोन त्यांची स्वतःची. अल्बम फारसा विकला गेला नाही आणि त्यांना करारबद्ध करणाऱ्या जॉन हॅमंड यांची कोलंबिया कंपनीत थट्टा झाली. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या अल्बमने, ज्यातील बहुतेक गाणी स्वरचित होती, चित्र पालटले. डेव्हिड बोवी यांचा १९६७ चा पहिला अल्बम आज मुख्यतः अभ्यासकच ऐकतात.

मराठी वाचकाला ही परिस्थिती अपरिचित नाही. मर्ढेकरांचा पहिला काव्यसंग्रह 'शिशिरागम' (१९३९) होय. परंतु मराठी नवकवितेचा आरंभ आपण 'काही कविता' (१९४७) पासून मोजतो. कालक्रमाने पहिले पुस्तक एक आणि वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने पहिले पुस्तक दुसरे, हा भेद आपल्या समीक्षेने केव्हाच स्वीकारलेला आहे. रॉक संगीताच्या समीक्षेने तो पुरेशा गांभीर्याने स्वीकारलेला दिसत नाही.

डिलन यांच्या उदाहरणातून आणखी एक बाब पुढे येते. अपयशी पदार्पणानंतर दुसरी संधी मिळणे हे गुणांइतकेच कंपनीतील कोणाच्या तरी पाठिंब्यावर अवलंबून होते. हॅमंड ठाम राहिले म्हणून दुसरा अल्बम झाला. पहिल्या अल्बमवरून कलावंताची पात्रता ठरविण्याची सवय किती धोक्याची आहे, हे यावरून कळावे.

४. रूपबंधाचे प्रथमत्व

तर मग पदार्पणाचे म्हणून खास असे काही मूल्य असते काय? असते, परंतु ते व्यक्तीच्या नवखेपणात नसून रूपबंधाच्या नवेपणात असते. ज्या अल्बममध्ये असे काही घडते की त्यासाठी आधी घडविलेला साचा उपलब्ध नव्हता, आणि ज्याची निर्मिती करताना कर्त्यांनाही अंतिम रूप ठाऊक नव्हते, तो खऱ्या अर्थाने पहिला. या निकषावर 'द वेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको' (१९६७) या अल्बमची तपासणी करणे उद्बोधक ठरेल.

या बँडला नवशिक्यांचा गट समजण्याची चूक पुष्कळदा होते. लू रीड हे पिकविक नावाच्या ध्वनिमुद्रण कंपनीत पगारी गीतकार होते आणि प्रचलित गाण्यांच्या नकला मागणीनुसार रचण्याचे काम करीत. वेल्समधून आलेले जॉन केल यांचे शिक्षण पाश्चात्त्य अभिजात संगीतात झाले होते आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ला मॉन्ट यंग यांच्या गटात दीर्घकाळ एकच स्वर धरून ठेवण्याच्या प्रयोगांत भाग घेतला होता. दोघेही आपापल्या क्षेत्रात तयारीचे होते. अननुभव व्यक्तींत नव्हता. या दोन क्षेत्रांना एकत्र आणणारा पूर्वीचा नमुना मात्र नव्हता.

त्यातून काय निष्पन्न झाले ते वाद्यांच्या पातळीवर पाहता येते. केल यांनी आपल्या व्हायोलाला इलेक्ट्रिक गिटारच्या व मँडोलिनच्या तारा लावल्या आणि घोडी सपाट केली, जेणेकरून एकाच वेळी अनेक तारांवर गज फिरविता येईल. रीड यांनी काही गाण्यांत गिटारच्या सर्व तारा एकाच स्वरात लावल्या. मॉरीन टकर उभ्याने वाजवीत. मोठा ढोल आडवा ठेवून त्यावर गोळेदार काठ्यांनी आघात करीत आणि झांजांचा वापर जवळजवळ टाळीत. रॉक संगीताच्या ठेक्यात झांज ही वाक्यातील विरामचिन्हासारखी असते. तिच्या अभावी ठेका थांबत नाही, श्वास घेत नाही. तो नुसता पुढे सरकत राहतो.

तंबोऱ्याच्या सहवासात वाढलेल्या श्रोत्याला या संगीतातील अखंड स्वर प्रथम ओळखीचा वाटतो. लवकरच फरक ध्यानात येतो. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज हा आधार असतो; गायक त्यापासून दूर जातो तो परत येण्यासाठी. 'व्हीनस इन फर्स' मध्ये व्हायोलाचा स्वर आधार देत नाही, तो कोंडून ठेवतो. गायक त्याच्याकडे परतत नाही, कारण तो त्याच्यापासून कधी सुटलेलाच नसतो. अमली पदार्थांचे व्यसन आणि वासनेची बंधने हे या गाण्यांचे विषय. आणि संगीताची ही रचना त्या विषयांना साथ करीत नाही, तर त्यांचेच रूप धारण करते. आशय आणि अभिव्यक्ती यांचे अद्वैत म्हणून समीक्षेत ज्याचा उल्लेख होतो, ते येथे ऐकू येते. निको यांनी मुख्य स्वर दिलेल्या तीन गाण्यांतील थंड, अलिप्त उच्चार हा याच रचनेचा भाग आहे. तेथे भावनेचा अभाव नसून भावनाप्रदर्शनास नकार आहे.

या अल्बमचा बहुतांश भाग एप्रिल १९६६ मध्ये मुद्रित झाला आणि मार्च १९६७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अँडी वॉरहॉल यांचे नाव निर्माता म्हणून छापलेले असले तरी ध्वनीच्या तांत्रिक अंगाशी त्यांचा संबंध अल्प होता. त्यांचे खरे योगदान असे, की त्यांच्या नावामुळे कंपनीने या संगीतात फारशी ढवळाढवळ केली नाही. बिलबोर्डच्या सूचीत अल्बम १७१ च्या वर गेला नाही. मागील आवरणावर एका अभिनेत्याची प्रतिमा परवानगीविना छापली गेल्याने त्याने पैसे मागितले, प्रती परत मागवाव्या लागल्या आणि विक्री आणखी खुंटली. म्हणजे आज ज्याला श्रेष्ठ पदार्पण म्हणतात, ते त्या काळच्या बहुसंख्य श्रोत्यांच्या दृष्टीने घडलेच नव्हते.

५. प्रथमत्वाची परंपरा

असा प्रथमत्वाचा क्षण एकाकी राहत नाही. केल यांनीच पुढे पॅटी स्मिथ यांच्या 'हॉर्सेस' (१९७५) या पहिल्या अल्बमची निर्मिती केली. स्मिथ कवितेकडून संगीताकडे आल्या होत्या. १९७१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये लेनी के यांच्या गिटारच्या साथीने काव्यवाचन केले होते. अल्बमच्या आरंभी त्या 'देम' या बँडचे १९६४ चे, पुरुषाने स्त्रीविषयी गायिलेले गाणे घेतात, त्याला स्वतःच्या कवितेची जोड देतात आणि गाणाऱ्याचे लिंग न बदलता ते गातात. येथे रॉक संगीताचा वारसा नाकारलेला नाही. ज्यांच्यासाठी तो ठेवलेला नव्हता अशा व्यक्तीने तो हक्काने ताब्यात घेतला आहे.

'रामोन्स' (१९७६) मध्ये मर्यादा हेच तत्त्व बनते. चौदा गाणी, सुमारे एकोणतीस मिनिटे, एकल गिटारवादनाला जवळजवळ पूर्ण फाटा, आणि सुमारे ६,४०० डॉलरांचा खर्च. अमेरिकन सूचीत हा अल्बम १११ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. अमेरिकेत त्याला 'सुवर्ण' मान्यता मिळण्यास २०१४ साल उजाडले. याच बँडने १९८० मध्ये फिल स्पेक्टर यांच्यासारखा नामवंत निर्माता घेऊन 'एंड ऑफ द सेंच्युरी' केला. तो ४४ व्या क्रमांकापर्यंत गेला. परंतु पुढील पिढ्यांनी अनुकरण केले ते १९७६ च्या अल्बमचे. साधने वाढली, कौशल्य वाढले. रूपबंधाची निकड मात्र वाढली नाही. जे पहिल्या वेळीच होऊ शकते असे काही असते, याचा याहून स्वच्छ पुरावा सापडणे कठीण.

६. काही आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा, की प्रभाव हा कलाकृतीबाहेरचा निकष आहे. अनुकरण झाले म्हणून मूळ कृती श्रेष्ठ ठरत नाही. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच येथे व्हायोला, ठेका आणि उच्चार यांच्या रचनेचा विचार आधी केला. प्रभाव हा श्रेष्ठत्वाचे कारण नव्हे, फार तर त्याची उशिरा मिळालेली साक्ष होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'पहिला अल्बम' हा निकष स्वभावतःच स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या रॉक बँडना अनुकूल आहे. कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताचा मोठा भाग एकेरी गाण्यांच्या तबकड्यांतून वाढला. अल्बम हा तेथे पुष्कळदा आधी निघालेल्या गाण्यांचा संग्रह असे. चक बेरी यांचे खरे पदार्पण १९५५ च्या एका तबकडीने झाले, अल्बम दोन वर्षांनी आला. परंतु सर्वांत बोलके उदाहरण अरिथा फ्रँकलिन यांचे आहे. कोलंबिया कंपनीने १९६० नंतरच्या वर्षांत त्यांच्याकडून मोठ्या प्रमाणात जॅझवळणाची व नाट्यगीतांची गाणी गाऊन घेतली. १९६७ मध्ये अटलांटिक कंपनीत आल्यावर त्या स्वतः पियानोवर बसल्या, चर्चमधील गायनाची शैली उघडपणे वापरू लागल्या, आणि 'आय नेव्हर लव्ड अ मॅन द वे आय लव्ह यू' हा अल्बम तयार झाला. ओटिस रेडिंग यांचे पुरुषाच्या तोंडी असलेले 'रिस्पेक्ट' त्यांनी असे फिरविले की ते मूळचे कोणाचे हे श्रोते विसरले. रूपबंधाच्या दृष्टीने हा आरंभ होता. परंतु कालक्रमाने तो पहिला नसल्यामुळे श्रेष्ठ पदार्पणाच्या कोणत्याही यादीत त्याला जागा नाही.

हा अल्बम आणि वेल्व्हेट अंडरग्राउंडचा अल्बम एकाच महिन्यात, मार्च १९६७ मध्ये, बाजारात आले. 'रोलिंग स्टोन'च्या सर्वकालीन श्रेष्ठ अल्बमांच्या २००३ च्या यादीत वेल्व्हेट अंडरग्राउंड तेराव्या स्थानी होते आणि फ्रँकलिन त्र्याऐंशीव्या. २०२० मध्ये नव्याने मतदान घेतले तेव्हा तेरावे स्थान फ्रँकलिन यांना मिळाले आणि वेल्व्हेट अंडरग्राउंड तेविसाव्यावर गेले. लॉरिन हिल यांचा अल्बम याच काळात तीनशेच्या पलीकडून दहाव्या स्थानी आला. संगीत तेच होते. मत देणारे बदलले होते. यादी म्हणजे गुणवत्तेचे मोजमाप नसून मोजणाऱ्यांचे छायाचित्र आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. श्रेष्ठ पदार्पण म्हणून गौरविलेले पुष्कळसे अल्बम हे आरंभ नसून दीर्घ साधनेची सांगता आहेत. थोर कलावंतांचे आरंभ दुबळे असू शकतात, म्हणून पदार्पणावरून कलावंताची योग्यता ठरविणे अयोग्य होय. पदार्पणाचे खास मूल्य रूपबंधाच्या प्रथमत्वात आहे, आणि कालक्रमाने पहिल्या असलेल्या अल्बमांपुरताच निवाडा करावयाचा असेल तर 'द वेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको' याला अग्रस्थान द्यावे लागेल. कारण त्याच्या आधी ज्याचे नावही नव्हते असे काही त्यात घडते.

परंतु ज्या कारणाने हा मान त्याला द्यावयाचा, तेच कारण फ्रँकलिन यांच्या १९६७ च्या अल्बमलाही तितकेच लागू पडते, आणि तो त्यांचा पहिला अल्बम नाही. रीड व केल यांना पहिल्याच वेळी आपल्या मनासारखे वाजवू दिले गेले. फ्रँकलिन यांना ती मोकळीक मिळण्यास अनेक वर्षे आणि अनेक अल्बम जावे लागले. 'पदार्पण' हा निकष त्या विलंबाची शिक्षा कलावंतालाच करतो. तेव्हा हा वाद अर्थपूर्ण व्हावयाचा असेल तर त्याचा प्रश्न बदलणे आवश्यक आहे. कोणाचा पहिला अल्बम श्रेष्ठ, असे विचारण्याऐवजी कोणता अल्बम पहिला, असे विचारावयास हवे.